विश्लेषण : डेटाबेसला साधा प्रश्न विचारता येतो, तो कुणामुळे? ‘आयबीएम’मध्ये राहून ‘आयबीएम’शी झगडलेले एडगर कॉड

आज सुरू असलेली जगातील सर्वांत जुनी बँक कोणती? सर्वांत जुने हॉटेल कुठे आहे? कोणत्या खंडात कोणता धंदा सर्वांत आधी उभा राहिला? अशा प्रश्नांची उत्तरे जुन्या व्यवसायांच्या यादीतून काढायची तर पाच-सात ओळींची ‘एसक्यूएल’ क्वेरी पुरते. अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात ती शिकवली जाते आणि डेटा अ‍ॅनालिस्टच्या मुलाखतीत हमखास विचारली जाते. पन्नास-साठ वर्षांपूर्वी मात्र अशा प्रत्येक नव्या प्रश्नासाठी वेगळा प्रोग्रॅम लिहून घ्यावा लागे. हे चित्र बदलले ते १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अवघ्या ११ पानांच्या शोधनिबंधामुळे. तो लिहिणारे एडगर फ्रँक कॉड तेव्हा ‘आयबीएम’च्या नोकरीत होते आणि त्यांच्या कल्पनेला सर्वाधिक अडथळाही याच कंपनीत झाला.

वैमानिक, सेल्समन, शिक्षक आणि मग संगणक

कॉड यांचा जन्म १९ ऑगस्ट १९२३ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्टलंड बेटावर झाला. वडिलांचा चामड्याच्या वस्तू बनवण्याचा धंदा, आई शिक्षिका. सात भावंडांत ते धाकटे. शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला जाऊन त्यांनी आधी रसायनशास्त्र आणि मग गणित घेतले. दुसरे महायुद्ध सुरू होते. विद्यार्थी म्हणून त्यांना लष्करी सेवेतून सवलत मिळू शकली असती, पण ते स्वतःहून रॉयल एअर फोर्समध्ये दाखल झाले आणि समुद्रावर गस्त घालणारी ‘संडरलंड’ विमाने त्यांनी चालवली. विमान उडवण्याची हौस त्यांनी पुढेही जपली.

युद्धानंतर पदवी पूर्ण करून १९४८ मध्ये ते न्यू यॉर्कला गेले. सुरुवातीला ‘मेसीज’ या मोठ्या दुकानात पुरुषांचे कपडे विकले, मग टेनेसी विद्यापीठात काही महिने गणित शिकवले. १९४९ मध्ये ‘आयबीएम’ने त्यांना गणिती प्रोग्रॅमर म्हणून घेतले. त्या काळी संगणक म्हणजे अख्खी खोली व्यापणारे यंत्र. कॉड यांनी कामाला सुरुवात केली ती ‘एसएसईसी’ नावाच्या अशाच एका यंत्रावर.

१९५३ मध्ये मात्र ते अमेरिका सोडून कॅनडात निघून गेले. सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी कम्युनिस्ट शोधण्याच्या नावाखाली जी मोहीम चालवली होती, तिला ठाम विरोध होत नाही याचा त्यांना संताप होता. चांगली नोकरी चालू असताना केवळ तत्त्वासाठी देश सोडणारा हा माणूस पुढे आपल्याच कंपनीच्या वरिष्ठांपुढे का वाकला नाही, याचा अंदाज इथेच येतो. १९५७ मध्ये ते ‘आयबीएम’मध्ये परतले आणि ‘स्ट्रेच’ या महासंगणकावर एकाच वेळी अनेक प्रोग्रॅम चालवण्याच्या तंत्रावर त्यांनी काम केले. मग वयाच्या चाळिशीत, दोन पावले मागे येऊन, ते मिशिगन विद्यापीठात पुन्हा विद्यार्थी झाले. १९६५ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. स्वतःची प्रतिकृती बनवू शकणाऱ्या काल्पनिक यंत्रांचा हा विषय. जॉन फॉन नॉयमन यांच्या मांडणीत अशा यंत्राच्या प्रत्येक पेशीला २९ अवस्था लागत, कॉड यांनी ते ८ अवस्थांत भागवून दाखवले. गुंतागुंत कापून कमीत कमी नियमांवर आणण्याची ही सवय पुढे कामी आली.

कॉड यांच्या आधी माहिती कशी ठेवली जाई?

साठच्या दशकाअखेर ते कॅलिफोर्नियात ‘आयबीएम’च्या सॅन होजे प्रयोगशाळेत आले. कंपनीचे त्या वेळचे प्रमुख डेटाबेस उत्पादन होते ‘आयएमएस’. अपोलो मोहिमेच्या यानासाठी लागणाऱ्या असंख्य सुट्या भागांची नोंद ठेवण्याच्या गरजेतून ते जन्माला आले होते. त्यात माहिती झाडासारखी रचलेली असे. खोड, त्याला फांद्या, फांदीला उपफांद्या. यानाचा भाग, त्यातला उपभाग, त्यातला स्क्रू अशा नोंदींना ही रचना चपखल बसते.

अडचण येते ती प्रश्न बदलल्यावर. जुन्या व्यवसायांची यादी अशा झाडात ठेवली आहे असे समजू. वर देश, त्याखाली धंद्याचा प्रकार, त्याखाली कंपनी. जपानमधील सर्वांत जुनी कंपनी कोणती, हे विचारणे सोपे. जपानच्या फांदीवर जायचे आणि खाली उतरायचे. पण जगातील सर्वांत जुनी बँक विचारली की प्रोग्रॅमरला प्रत्येक देशाच्या फांदीवर चढून, बँकांची उपफांदी शोधून, परत खाली येण्याचा मार्ग लिहावा लागतो. आणि उद्या कुणी झाडाची रचना बदलून वर प्रकार आणि खाली देश केला, तर आधी लिहिलेले सगळे प्रोग्रॅम बंद पडतात. कंपन्यांचा मोठा खर्च या दुरुस्त्यांवर होत असे. माहिती कुठे आणि कशी ठेवली आहे हे ठाऊक असलेला प्रोग्रॅमर सुट्टीवर गेला की साहेबांचा प्रश्नही सुट्टीवर, अशी ही अवस्था.

११ पानांत काय होते?

कॉड यांनी १९६९ मध्ये कंपनीअंतर्गत एक अहवाल लिहिला आणि जून १९७० मध्ये ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या नियतकालिकात त्याची सुधारित मांडणी प्रसिद्ध केली. झाड नको, माहिती साध्या तक्त्यांत ठेवा, हे त्याचे सार. गणितात ‘रिलेशन’ म्हणजे संबंध ही संच सिद्धांतातली जुनी कल्पना आहे, तीच त्यांनी माहितीला लावली. म्हणून ‘रिलेशनल’ डेटाबेस.

त्यातला खरा बदल तक्त्यांपेक्षा पुढचा आहे. तक्ते तर वाण्याच्या खातेवहीतही असतात. कॉड यांनी दोन गोष्टी ठरवल्या. एक, दोन तक्त्यांमधला दुवा यंत्रातल्या पत्त्याने जोडायचा नाही, नोंदीतल्या सामाईक मूल्याने जोडायचा. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे सातबाऱ्यावरून लगेच कळेल. गाव नमुना सातमध्ये जमिनीचा हक्क, बारामध्ये पिकांची नोंद. दोन्ही वेगळे नमुने, पण गट क्रमांक एकच असल्याने ते एकत्र वाचता येतात. रिलेशनल डेटाबेसमधला ‘जॉइन’ म्हणजे हेच.

दुसरी गोष्ट, वापरणाऱ्याने फक्त काय हवे ते सांगायचे. ते कोणत्या मार्गाने शोधायचे हे यंत्राने ठरवायचे. रिक्षावाल्याला पत्ता सांगायचा, प्रत्येक वळण नाही. आज हे स्वाभाविक वाटते. १९७० मध्ये अनेक अनुभवी प्रोग्रॅमरना हे अशक्य किंवा निदान फार संथ वाटत होते, आणि तेव्हाची यंत्रे पाहता त्यांची शंका अगदीच चुकीची नव्हती.

जुन्या व्यवसायांच्या यादीवर हे कसे चालते?

समजा तीन तक्ते आहेत. ‘व्यवसाय’ तक्त्यात नाव, स्थापनेचे वर्ष, देशाचा कोड आणि प्रकाराचा कोड. ‘देश’ तक्त्यात कोड, देशाचे नाव आणि खंड. ‘प्रकार’ तक्त्यात कोड आणि बँक, हॉटेल, मद्यनिर्मिती अशी नावे. प्रत्येक कंपनीपुढे ‘जपान, आशिया’ असे पुन्हा पुन्हा लिहायचे नाही. तसे लिहिले की एखाद्या ओळीत चूक होते आणि मग जपान कधी आशियात तर कधी युरोपात दिसतो. एक माहिती एकाच जागी ठेवण्याच्या या शिस्तीला ‘नॉर्मलायझेशन’ म्हणतात आणि तिचे पहिले नियमही कॉड यांचेच.

आता प्रकार ‘बँक’ आहे अशा ओळी घ्या, स्थापनेच्या वर्षानुसार चढत्या क्रमाने लावा, पहिली ओळ दाखवा असे सांगितले की उत्तर येते इटलीतील सिएनाची मोंते देई पास्की, १४७२. हॉटेल म्हटले की जपानमधील निशियामा ऑनसेन केऊनकान, इ.स. ७०५. उपाहारगृह म्हटले की ऑस्ट्रियातील साल्झबर्गचे सेंट पीटर श्टिफ्ट्सकेलर, ८०३. मद्यनिर्मिती म्हटले की जर्मनीतील वाइहेनश्टेफान, १०४०.

पण प्रत्येक प्रकारातला सर्वांत जुना व्यवसाय एकाच वेळी हवा असेल तर? ‘ग्रुप बाय’ वापरून प्रकारानुसार गट पाडायचे आणि प्रत्येक गटातले सर्वांत लहान वर्ष काढायचे. इथे नवशिके हमखास अडतात, कारण वर्ष मिळते, पण ते कोणत्या कंपनीचे हे नाव हरवते. ‘मायएसक्यूएल’च्या जुन्या आवृत्त्या तर नावाचा रकाना मुकाट्याने घेत आणि गटातले कोणतेही एक नाव त्या वर्षाशेजारी ठेवून देत. उत्तर बरोबर दिसे आणि चुकीचे असे. यावरचा उपाय कॉड यांच्या मूळ मांडणीत आहे. तक्त्यावर कोणतीही क्रिया केली की उत्तर पुन्हा तक्ताच येतो. म्हणजे ‘प्रकार आणि सर्वांत लहान वर्ष’ हे उत्तर एक नवा तक्ता समजायचे आणि ते मूळ ‘व्यवसाय’ तक्त्याशी प्रकार व वर्ष या दोन्हींवर जोडायचे. नाव परत मिळते. उत्तरातून पुढचा प्रश्न आणि त्याच्या उत्तरातून आणखी पुढचा, ही साखळी कितीही लांबवता येते.

तक्ता एक गोष्ट मात्र सक्तीने विचारायला लावतो. एका चौकटीत एकच मूल्य बसते. जपानची कोंगो गुमी ही मंदिरे बांधणारी कंपनी इ.स. ५७८ पासूनची मानली जाते, पण २००६ मध्ये ती ताकामात्सु या मोठ्या बांधकाम समूहाची उपकंपनी झाली. मग ‘सुरू आहे का’ या रकान्यात काय लिहायचे? भारतासाठी अशा याद्यांत अनेकदा वाडिया समूह, १७३६ अशी नोंद दिसते. सुरतेचे जहाजबांधणी कारागीर लवजी नसरवानजी वाडिया ईस्ट इंडिया कंपनीच्या कामासाठी मुंबईत आले ते हे वर्ष. आज समूहाचे नाव कापड आणि बिस्किटांशी जोडलेले आहे. घराण्याचा वारसा अखंड, धंदा मात्र वेगळा. खुद्द ‘आयबीएम’चे स्थापनावर्ष १९११ धरले जाते, पण तेव्हा नाव वेगळे होते. ‘आयबीएम’ हे नाव १९२४ चे, आणि तिच्या पोटात विलीन झालेली हर्मन हॉलरिथ यांची कंपनी १८९६ ची. क्वेरी कितीही अचूक लिहिली तरी हा निर्णय माणसालाच आधी घ्यावा लागतो. शिवाय अशा यादीत टिकलेलेच धंदे असतात, बुडालेल्यांच्या ओळीच नसतात. त्यामुळे कोणते टिकले हे ती सांगते, का टिकले हे सांगू शकत नाही.

‘आयबीएम’ला ही कल्पना का नको होती?

कारण सरळ होते. ‘आयएमएस’मध्ये कंपनीची गुंतवणूक होती, मोठे ग्राहक ते वापरत होते आणि त्यातून पैसा येत होता. ते कालबाह्य आहे असे आपल्याच कर्मचाऱ्याने छापील स्वरूपात सांगणे व्यवस्थापनाला रुचणारे नव्हते. कॉड यांची भाषाही गणिती, सहज न समजणारी. पण ते गप्प बसले नाहीत. परिषदांत बोलत राहिले, ग्राहकांना कल्पना समजावत राहिले आणि मग ग्राहकांकडूनच कंपनीला विचारणा होऊ लागली.

१९७४ मध्ये मिशिगनमधील अ‍ॅन आर्बर येथे एका परिषदेत कॉड आणि चार्ल्स बाकमन यांच्यात जाहीर वादविवाद झाला. बाकमन यांना आदल्याच वर्षी संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला होता, तोही डेटाबेसमधील कामासाठी. त्यांच्या मांडणीत प्रोग्रॅमर हा माहितीच्या समुद्रात वाट काढणारा नाविक होता. कॉड यांच्या मते वाट काढण्याचे काम माणसाकडे असताच कामा नये. तिथल्या तिथे निकाल लागला नाही, पण तरुण संशोधकांचे लक्ष या बाजूकडे वळले.

तोवर सॅन होजेत ‘सिस्टीम आर’ हा प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला होता. त्यात डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी इंग्रजी वाक्यासारखी वाचता येणारी ‘सीक्वेल’ ही भाषा तयार केली. बॉइस यांचे १९७४ मध्येच तरुण वयात निधन झाले. ‘सीक्वेल’ हा एका ब्रिटिश विमान कंपनीचा ट्रेडमार्क निघाल्याने पुढे नाव आखडून ‘एसक्यूएल’ झाले. बर्कलेच्या विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर आणि युजीन वाँग यांनी ‘इंग्रेस’ उभे केले. म्हणजे कॉड यांची कल्पना चालते, हे दोन ठिकाणी सिद्ध झाले.

धंद्याचा घास मात्र तिसऱ्यानेच घेतला. ‘आयबीएम’चे संशोधक आपले निबंध उघडपणे छापत होते. ते वाचून लॅरी एलिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये स्थापन केलेल्या छोट्या कंपनीने १९७९ मध्ये ‘ओरॅकल’ बाजारात आणले. पहिली आवृत्ती कोण विकत घेणार, म्हणून तिला थेट दुसरी आवृत्ती म्हटले गेले. ‘आयबीएम’चे ‘एसक्यूएल/डीएस’ आले १९८१ मध्ये आणि ‘डीबी२’ १९८३ मध्ये. निबंध छापल्याला तोवर तेरा वर्षे झाली होती.

विजय मिळूनही कॉड नाराज का होते?

कंपनीने त्यांना १९७६ मध्ये ‘आयबीएम फेलो’ केले. १९८१ मध्ये ट्युरिंग पुरस्कारही मिळाला. पण जगाने स्वीकारलेली भाषा त्यांची नव्हती. त्यांनी स्वतः ‘अल्फा’ नावाची गणिती भाषा मांडली होती, ‘सिस्टीम आर’च्या गटाने ती घेतली नाही. ‘एसक्यूएल’मध्ये त्यांना गंभीर दोष दिसत. मुख्य आक्षेप होता एकाच तक्त्यात दोन हुबेहूब ओळी चालवून घेण्याला. संचात एक घटक दोनदा नसतो. जुन्या व्यवसायांच्या यादीत एखादी कंपनी चुकून दोनदा भरली गेली तर जपानमधील कंपन्यांची मोजणी फुगते आणि डेटाबेस काही बोलत नाही. हा आक्षेप पुस्तकी नाही, हे ज्याने दोन एक्सेल फाइल एकत्र केल्या आहेत त्याला माहीत असते.

१९८४ मध्ये त्यांनी ‘आयबीएम’ सोडली आणि सहकारी ख्रिस डेट यांच्यासह सल्लागार कंपनी काढली. तेव्हा जो तो विक्रेता आपल्या जुन्याच उत्पादनावर ‘रिलेशनल’ असे लेबल चिकटवत होता. त्यावर कॉड यांनी ऑक्टोबर १९८५ मध्ये ‘कॉम्प्युटरवर्ल्ड’ साप्ताहिकात बारा नियम प्रसिद्ध केले. शून्यापासून मोजल्याने ते प्रत्यक्षात तेरा आहेत. या नियमांवर कोणतेही उत्पादन पूर्ण उतरत नव्हते, जुन्या कंपनीचे ‘डीबी२’सुद्धा नाही.

रिकाम्या चौकटीचा वाद काय आहे?

कॉड यांच्याबाबत डेटा क्षेत्रात आजही वाद होतो तो ‘नल’वरून. माहिती नसेल तर चौकटीत शून्य किंवा कोरी जागा न ठेवता ‘नल’ ही खूण ठेवावी, असा त्यांचा आग्रह होता. माहीत नसणे आणि शून्य असणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे तत्त्व रास्तच. पण त्यामुळे खरे आणि खोटे यांच्या जोडीला ‘सांगता येत नाही’ असे तिसरे उत्तर येते. एखाद्या कंपनीचे स्थापनावर्ष भरलेले नसेल, तर १८०० पूर्वीच्या कंपन्या विचारल्यावर ती येत नाही आणि १८०० किंवा त्यानंतरच्या विचारल्यावरही येत नाही. दोन्ही उत्तरांची बेरीज एकूण यादीपेक्षा कमी भरते.

याच्या उलट, ज्या देशांची एकही कंपनी यादीत नाही ते शोधायला ‘नल’च उपयोगी पडतो. साधा ‘जॉइन’ असे देश गाळून टाकतो. ‘लेफ्ट जॉइन’ केला की देशाचे नाव येते आणि कंपनीच्या जागी ‘नल’ दिसतो. ख्रिस डेट यांनी मात्र ‘नल’ला कायम विरोध केला, आणि या मुद्द्यावर हे दोन मित्र व भागीदार शेवटपर्यंत वेगळ्या बाजूंना राहिले. कॉड यांनी तर १९९० च्या आपल्या पुस्तकात एका ‘नल’चे दोन प्रकार केले : मूल्य आहे पण ठाऊक नाही, आणि मूल्य लागूच होत नाही. कल्पना तर्कशुद्ध, पण वापरायला जड. ती रुळली नाही.

अखेरची वर्षे

१९९३ मध्ये कॉड यांनी ‘ओलॅप’ म्हणजे मोठ्या माहितीचे अनेक बाजूंनी विश्लेषण करण्याच्या तंत्रावर नवे बारा नियम मांडले. ती संज्ञाही रूढ झाली. पण त्या लेखनाला ‘आर्बर सॉफ्टवेअर’ या विक्रेत्या कंपनीचे आर्थिक पाठबळ होते, हे समोर आल्यावर टीका झाली. विक्रेत्यांच्या दाव्यांना कसोटी लावणाऱ्या माणसावर ही वेळ यावी, हे त्यांच्या चाहत्यांनाही खटकले. त्यांच्या आधीच्या कामाचे मोल त्याने घटत नाही, पण चरित्रातून हा भाग वगळणेही योग्य नाही.

१८ एप्रिल २००३ रोजी फ्लोरिडातील विल्यम्स आयलंड येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय ७९. ओरॅकल, डीबी२, मायएसक्यूएल, पोस्टग्रेस, आणि जवळपास प्रत्येक स्मार्टफोनमध्ये असलेले एसक्यूलाइट ही सारी त्यांच्या निबंधाचीच अपत्ये. त्यातल्या पोस्टग्रेसची मुळे थेट बर्कलेच्या ‘इंग्रेस’पर्यंत जातात. आणि ज्या ‘आयएमएस’पायी ‘आयबीएम’ने कॉड यांना इतकी वर्षे थांबवले, तेही संपलेले नाही. १९६८ पासूनचे हे उत्पादन कंपनी आजही विकते आणि जगातल्या काही मोठ्या बँकांचे व्यवहार त्यावरच चालतात.